सांधा दिसतो, पण लागला आहे का?

मुलांनो, हेडफोनची तुटलेली तार कधी नुसती पिळून जोडली आहेत का? जोडली की आवाज येतो. आपण खूश! पाच मिनिटांनी मान जराशी वळवली की खर्रर्र... आवाज गायब. तार बघावी तर जागच्या जागी. तुटलेली नाही, सुटलेली नाही, तरी वीज काही पुढे जात नाही. दिसतं तसं नसतं, ते असं!

आज आपण अशाच एका फसव्या सांध्याची गोष्ट पाहू या. ती आहे व्हिडिओ गेमच्या डब्यातली. घरात कोणाकडे जुनं प्लेस्टेशन असेल, तर त्यांना हाक मारा आणि बरोबर बसूनच वाचा.

सोनी कंपनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ रोजी बाजारात आलं. पुढे जगभरात त्याचे दहा कोटींहून अधिक डबे गेले. त्यात एक मजेदार कुलूप होतं, बरं का! गेमच्या सीडीवर सुरुवातीच्या भागात जी गोल गोल रेघ असते, ती कंपनीने मुद्दाम किंचित नागमोडी केली होती. त्या नागमोडी वळणांत चार अक्षरं लपवलेली. जपानच्या सीडीवर एससीईआय, अमेरिकेच्या सीडीवर एससीईए आणि युरोपच्या सीडीवर एससीईई. सीडी आत घातली की डबा आधी ही अक्षरं वाचणार. आपल्या देशाची निघाली तरच गेम सुरू! घरच्या यंत्रावर सीडीची नक्कल केली, तर गेम उतरतो पण नागमोड उतरत नाही. त्यामुळे नक्कल चालत नाही. आणि गंमत म्हणजे अमेरिकेत पैसे मोजून घेतलेला अस्सल गेमसुद्धा युरोपच्या डब्यात चालत नाही!

मग काही खटपट्या लोकांनी आठ पायांची एक इवलीशी चिप शोधून काढली. तिला म्हणतात मॉडचिप. ती डब्यात बसवली की ती स्वतःच ती चार अक्षरं डब्याला ऐकवत राहते. डब्याला वाटतं, सीडीवरूनच आली!

हे कायद्यात बसतं का? देशोदेशी याचं उत्तर वेगळं आलं. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की तेव्हाच्या कायद्यातल्या शब्दांत ही चिप बसत नाही. मग २००६ मध्ये तिथे कायदाच बदलला. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. दुसऱ्याचा हक्क बुडवण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तेव्हा चोरलेले गेम खेळायला चिप बसवायची नाही, हे पक्कं. पण कोणाच्या तरी घरी असा डबा आधीच चिप बसवलेला येतो आणि तो बंद पडलेला असतो. आता तो भंगारात टाकायचा, की दुरुस्त करायचा? बहुतेक वेळा प्रश्न एखाद्या वाईट सांध्याचाच असतो. तो शोधता आला, तर डबा वाचतो.

कल्हईवाल्याकडून शिकू या

चिपची तार मदरबोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्याला जोडतात. या ठिपक्याला पॅड म्हणतात. जोडायला लागतं सोल्डर, म्हणजे कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची बारीक तार. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतं.

पुष्कळ जणांना वाटतं, की सोल्डर म्हणजे गरम डिंक. वितळवला, थेंब टाकला, चिकटलं! इथेच सगळी फसगत होते. आजीला विचारा, पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा तेव्हा तो काय करायचा? तो कथील वितळवून भांड्यात ओतायचा का? छे! आधी भट्टीवर भांडंच सणसणीत तापवायचा. मग त्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. पांढरा धूर यायचा, नाक झोंबायचं. तो नवसागर भांड्यावरचा मळ आणि गंज खाऊन टाकायचा. मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला नुसती टेकवली, की कथील भांड्याच्याच उष्णतेने वितळून सरसर पसरायचं आणि भांडं चांदीसारखं लखलखायचं.

सोल्डरिंगमध्ये अगदी हेच होतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक, म्हणजे बिट, पॅड आणि तार या दोघांना एकदम टेकवायचं. दोन्ही तापले की सोल्डर सांध्याला लावायचं, बिटाला नाही. ते तापलेल्या तांब्यावर आपोआप पसरतं. नवसागराच्या जागी इथे असतो फ्लक्स. तो पाइनच्या झाडाच्या राळेपासून करतात आणि चांगल्या सोल्डरच्या तारेत तो पोटातच भरलेला असतो. सगळं काम दोन-तीन सेकंदांचं. मग आधी सोल्डर काढायचं, नंतर आयर्न, आणि सोल्डर घट्ट होईपर्यंत तार मुळीच हलू द्यायची नाही.

कथील आणि तांबं जिथे भेटतात तिथे दोघांचा मिळून एक पातळ थर तयार होतो. तो तयार झाला, तरच सांधा लागला. नाही तर वर नुसता थेंब बसलेला असतो, अळवावरच्या पाण्यासारखा!

सहा खोडकर सांधे

आता या सांध्यांची ओळख करून घ्या. एकदा ओळखले की कुठेही सापडतील.

पहिला, थंड सांधा. पॅड पुरेसं तापलेलंच नसतं. सोल्डर गोळीसारखं फुगून बसतं, त्याच्या कडा पॅडवर उतरत नाहीत. चांगला सांधा कसा दिसतो? तंबूसारखा, कडेला पसरट आणि तारेकडे निमुळता होत जाणारा. थंड सांधा सगळ्यांत जास्त सापडतो तो ग्राउंडच्या तारेला. का बरं? कारण ग्राउंड म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा भला मोठा पत्रा. छोट्या चुलीवर मोठा हंडा ठेवला तर पाणी लवकर तापेल का? तसंच हे. लहान आयर्नची उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो.

दुसरा, हललेला सांधा. सोल्डर घट्ट होता होता तार हलली, तर आत बारीक तडे राहतात. वरचा भाग खरखरीत, सुरकुतलेला दिसतो.

तिसरा, पूल. सोल्डर जास्त झालं आणि शेजारच्या दोन पायांमध्ये त्याचा पूल बांधला गेला. वीज भलत्याच रस्त्याने जाते.

चौथा, उखडलेलं पॅड. बोर्डावरचा तांब्याचा पत्रा किती पातळ असतो सांगू? एका मिलिमीटरचे तीस भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा! तो बोर्डाला चिकटवलेला असतो. आयर्न फार वेळ टेकवून ठेवलं किंवा तार ओढली, की तो पापुद्र्यासारखा सुटून येतो.

पाचवा, सोललेली तार. या कामाची तार पाव मिलिमीटर जाडीची असते. उष्णतेने तिचं प्लॅस्टिक मागे सरकतं, उघडी पडलेली तार शेजाऱ्याला टेकते आणि झालं!

सहावा, उपाशी सांधा. सोल्डर इतकं कमी, की तार नुसती कडेला टेकलेली. आज चालते, उद्या चालत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. "सांधा चमकला म्हणजे चांगला" असं पुष्कळदा सांगतात. ते शिसं असलेल्या सोल्डरला लागू आहे. १ जुलै २००६ पासून युरोपने नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशाला बंदी घातली, आणि मग बहुतेक कंपन्या शिसं नसलेलं सोल्डर वापरू लागल्या. ते वितळतं सुमारे २१७ अंशांना, आणि त्याचा चांगला सांधासुद्धा थोडा मंदच दिसतो. म्हणून चमक बघण्यापेक्षा आकार बघा. कडा पसरल्या आहेत का? तार सगळीकडून वेढली आहे का?

आधी डोळे, मग मीटर, आयर्न सर्वांत शेवटी

डबा चालेना झाला की पुष्कळ जण काय करतात? आयर्न तापवतात आणि एका टोकाकडून सगळे सांधे पुन्हा पुन्हा भाजत सुटतात. त्यात चांगले सांधे बिघडतात, पॅड उखडतात. एका दोषाचे चार होतात. डॉक्टर पोट न तपासता ऑपरेशन करतात का? मग आपणही आधी लक्षणं पाहू.

लक्षण एक: डबा मुळीच सुरू होत नाही. लगेच प्लग काढा. पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहायचं नाही. कुठे तरी पूल झाला असण्याची शक्यता मोठी. शिवाय चिप उलटी बसली आहे का, तेही पाहा. या कामात पुष्कळदा वापरली गेलेली चिप म्हणजे पीआयसी १२सी५०८. तिच्या अंगावर एका टोकाला खूण असते. त्या टोकाकडे पहिला पाय. पहिल्या पायाला वीज आणि आठव्याला ग्राउंड. उलटसुलट झालं तर चिप जळते.

लक्षण दोन: डबा सुरू होतो, त्याच देशाचा अस्सल गेम चालतो, पण दुसऱ्या देशाचा घातला की "प्लेस्टेशनची सीडी घाला" असा निरोप येतो. म्हणजे डबा ठणठणीत आहे, चिपचं बोलणं मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. एखादी तार सुटलेली, थंड लागलेली किंवा चुकीच्या ठिकाणी लागलेली.

लक्षण तीन: कधी चालतो, कधी नाही. डबा तापला की बंद, किंवा जरा हलवला की सुरू! हा बहुधा थंड किंवा तडकलेला सांधा.

लक्षण चार: अस्सल गेमही वाचत नाही. थांबा! यात सोल्डरचा काही संबंध नसेलही. डबा बंद करताना लेन्सकडे जाणारी चपटी केबल नीट खोचली का? झाकण लागल्याचं कळवणारं बटण दाबलं जातं आहे का? लेन्सवर धूळ आहे का? आणि काही नंतरचे गेम असे होते, की चिप सापडली तर ते मुद्दामच थांबायचे. अशा वेळी सांधे भाजून काय उपयोग?

आता तपासणी. प्लग भिंतीतून काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज थेट डब्यातल्या पॉवर सप्लायच्या पाटीपर्यंत येते. प्लग काढल्यावरही तिथल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. तो भाग मुलांनी उघडायचा नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही. डबा जाणत्या मोठ्या माणसानेच उघडायचा. तुम्ही शेजारी बसून बघायचं, नोंद करायची.

पहिलं काम डोळ्यांचं. भिंग घ्या आणि विजेरीचा उजेड वरून न टाकता बाजूने टाका. बाजूच्या उजेडात फुगीर गोळी, बारीक पूल, तडा चटकन दिसतो. मग लाकडी टूथपिकने प्रत्येक तार अगदी हळू ढकलून पाहा. सांधा पक्का असेल तर तार लवचीकपणे वाकेल, पण सांध्यापाशी हलणार नाही.

दुसरं काम मल्टिमीटरचं. त्यात आवाज देणारी खूण असते. दोन टोकांमध्ये रस्ता असला की मीटर "पीं" करतो. तारेच्या दोन टोकांत पीं झालं पाहिजे. शेजारच्या दोन पायांत होता कामा नये, नकाशातच ते जोडलेले असतील तर गोष्ट वेगळी. वीज आणि ग्राउंड यांच्यामध्ये क्षणभर पीं होऊन थांबलं तर घाबरू नका, तो कपॅसिटर भरल्याचा आवाज. सतत वाजत राहिलं तर मात्र कुठे तरी पूल नक्की आहे.

आणि आता एक खास गोष्ट! मीटरची सुई थेट संशयित सांध्यावर दाबू नका. का? दाबल्यामुळे सुटलेली तार खाली टेकते आणि मीटर खुशाल पीं करतो. सुई काढली की तार पुन्हा अधांतरी! म्हणून एक सुई चिपच्या पायावर ठेवा आणि दुसरी त्याच पॅडकडून पुढे गेलेल्या रस्त्यावर, थोडी दूर. मग सांध्याला खरं बोलावंच लागतं.

तिसरं काम आयर्नचं, आणि तेही फक्त दोष सापडलेल्या ठिकाणी. थंड सांध्याला थोडा नवा फ्लक्स लावून दोन-तीन सेकंद तापवलं, की सोल्डर आपोआप पसरतं. ग्राउंडला जाड बिट वापरायचं, म्हणजे वेळ न वाढवता उष्णता जास्त मिळते. पुलावर फ्लक्स लावून तांब्याची विणलेली पट्टी ठेवायची आणि वरून आयर्न टेकवायचं. पट्टी जास्तीचं सोल्डर वातीसारखं शोषून घेते. पॅड उखडलं असेल तर त्याच रस्त्यावरची दुसरी जागा शोधून तिथे तार लावायची. शेवटी तार चिकटपट्टीने बोर्डावर धरून ठेवायची, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. पेस्टची डबी आणाल तर नीट पाहून आणा. नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट इथे चालत नाही, ती हळूहळू तांबं खाते.

मोठ्यांचेही सांधे सुटतात!

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा ठिपक्याचं किती ते कौतुक! मग हे ऐका. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा डबा नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आला. थोड्याच काळात अनेक घरांत त्याच्यावर तीन लाल दिवे लागू लागले आणि डबे बंद पडू लागले. जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषासाठी हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढून ठेवली. कारण काय होतं? २०२१ साली कंपनीच्याच माहितीपटात त्यांच्या इंजिनिअरने ते सांगितलं. डबा चालू केला की तापायचा, बंद केला की निवायचा. प्रत्येक वेळी वस्तू किंचित फुगायच्या आणि आकसायच्या. त्या ओढाताणीने चिपच्या आवरणाच्या आतले बारीक बारीक सांधे तडकत होते.

त्या काळात काही लोकांनी एक उपाय काढला होता. चालू डबा टॉवेलमध्ये गुंडाळायचा, म्हणजे तो खूप तापेल आणि सुरू होईल. काही डबे सुरू व्हायचेही, थोडे दिवस. मग पुन्हा बंद! तडा तसाच होता, आणि वर आगीची भीती. दोष न शोधता केलेला उपाय असाच असतो.

करून पाहा

एकदम कोणाच्या डब्यावर हात चालवायचा नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक झीरो पीसीबी, २५ वॅटचं आयर्न आणि फ्लक्स असलेली सोल्डरची तार आणा. मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि पन्नास सांधे करा. मग भिंगाखाली एकेक सांधा पाहून वहीत लिहा: चांगला, थंड, हललेला, उपाशी. पहिल्या दहात किती चांगले आले आणि शेवटच्या दहात किती? वहीच तुम्हाला सांगेल. नंतर एक मुद्दाम थंड सांधा करा आणि तो वर दाबून व न दाबता, असा दोन्ही प्रकारे मीटरने तपासा. मीटर कसा फसतो ते स्वतःच्या कानांनी ऐका.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलगा-मुलगी आयर्न मागतात तेव्हा "नको बाई, भाजशील" म्हणणं सोपं असतं. पण नियम घालून देता येतात. बिट सुमारे साडेतीनशे अंश तापतं, म्हणून आयर्नला स्टँड हवाच. खिडकी उघडी हवी. जो धूर येतो तो राळेचा असतो, त्याने दमेकऱ्यांना त्रास होतो. डोळ्यांवर चष्मा, पायांत चप्पल, केस बांधलेले. शिसं धुरातून नव्हे तर हातांवरून पोटात जातं, म्हणून काम करताना खाणं-पिणं नाही आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे. लहान भावंडांना त्या टेबलापासून लांब ठेवा. आणि दुरुस्ती फसली तरी रागावू नका. कोणता सांधा का फसला, एवढं मात्र त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या.

काय मग मुलांनो, घरातली कोणती वस्तू "कधी चालते, कधी नाही" म्हणून कोपऱ्यात पडली आहे? विजेवर चालणारी असेल तर मोठ्यांना सांगा, सेलवरची असेल तर त्यांच्यासोबत उघडा. भिंग घ्या, उजेड बाजूने धरा आणि बघा, कोणता सांधा खोटं बोलतो आहे ते!

तुमच्या,
खटपट बाई